सुदानचं युद्ध गावच्या वाचनालयात कसं समजून घ्यावं

घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयात पेपरवाचन घेते. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी येतात, शेतातून परतलेले चार म्हातारेही टेकतात. सध्या आम्ही सुदान धरला आहे. आजूबाजूच्या गावांतले विचारतात, बाई, हे घेता कसं? त्यांच्यासाठी लिहिते.

त्या दिवशीच्या बातमीपासून सुरुवात करू नका. ‘अल फाशर पडलं’ एवढ्या मथळ्यानं कोणाला काही कळत नाही. आधी फरशीवर खडूनं नकाशा काढा. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, हे आपल्याकडच्या पोरांना ठाऊक असतं. तशीच पांढरी नाईल आणि निळी नाईल जिथे मिळतात, तिथे खार्तुम. दोन नद्यांमधला सपाट पट्टा म्हणजे गेझिरा. ईशान्येला तांबड्या समुद्रावर पोर्ट सुदान, पश्चिमेला चाडच्या सीमेपर्यंत दारफूर. असे सहा महाराष्ट्र मावतील एवढा देश आहे, हे सांगितलं की मग अंतरं डोक्यात बसतात.

गेझिऱ्यावर मात्र घाई करू नका. इंग्रजांनी १९२५ मध्ये सेन्नारचं धरण बांधून तिथे लाखो एकर ओलिताखाली आणले, ते मुख्यतः इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पुरवायला. वऱ्हाड त्यांनी १८५३ मध्ये निजामाकडून घेतलं तेव्हाही नजर कापसावर होती, आणि आपली शकुंतला रेल्वे त्याच कापसासाठी धावली. हे सांगितलं त्या शनिवारी एक आजोबा, जे नेहमी म्हणायचे, ‘बाई, आपल्याले काय करायचं त्या सुदानचं?’, ते पहिल्यांदा पुढे सरकून बसले. तिथलं रोजचं खाणंही ज्वारीच. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची पातळ किसरा खातात. कोणाच्या ताटात काय असतं हे कळल्याशिवाय त्याच्या उपासमारीचा आकडा मनात शिरत नाही.

मग तारखा, आणि त्या मोजक्याच. १९५६ स्वातंत्र्य. १९८९ लष्करी उठाव करून ओमर अल बशीर सत्तेवर. २००३ दारफूरमध्ये बंड. इथे थांबा, कारण आजच्या युद्धाचं मूळ इथे आहे. बंड मोडायला बशीर सरकारनं जंजावीद नावाच्या टोळ्यांना शस्त्रं दिली, गावंच्या गावं जाळली गेली, आणि २०१३ मध्ये त्याच टोळ्यांमधून सरकारी निमलष्करी दल उभं केलं, रॅपिड सपोर्ट फोर्सेस म्हणजे आरएसएफ. भरतीच्या पोरांना मी इथे शेजारच्या छत्तीसगडची आठवण देते. नक्षलवाद्यांविरुद्धच्या सलवा जुडूम मोहिमेच्या काळात आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून बंदुका दिल्या, ते सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. सुदानमध्ये असं थांबवणारं कोणी उरलं नव्हतं. २०१९ मध्ये लोकांच्या आंदोलनानंतर बशीर सत्तेवरून गेले, २०२१ मध्ये सेनाप्रमुख बुऱ्हान आणि आरएसएफचे प्रमुख हेमेदती या दोघांनी मिळून नागरी सरकार उलथवलं, आणि १५ एप्रिल २०२३ ला हेच दोघे एकमेकांवर उलटले. आरएसएफला सैन्यात कधी आणि कोणाच्या हुकमाखाली विलीन करायचं, हा वाद होता.

परकीय हातांसाठी वहीत तीन रकाने पाडा: कोणी केलं, काय दिलं, आणि हे कितपत सिद्ध झालेलं आहे. तिसरा रकाना कधीही रिकामा सोडू नका. उदाहरणार्थ, संयुक्त अरब अमिरातींकडून चाडच्या अमजरासमार्गे आरएसएफला शस्त्रं गेल्याचे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२४ च्या अहवालात विश्वसनीय म्हटले. अमिराती ते नाकारतात. दोन्ही लिहा. सुदाननं त्यांच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, तो मे २०२५ मध्ये निकाली निघाला, तेव्हा आमच्याकडे एक मुलगी म्हणाली, ‘मंग ते निर्दोष सुटले न बाई.’ तसं नाही. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण ते ऐकायचा अधिकार नसलेल्या कचेरीत नेलं तर अर्ज परत येतो, पण धुरा कोणी कोरला ते ठरत नाही. न्यायालयानं अधिकारक्षेत्र नाही एवढंच सांगितलं. इजिप्तचा कल सैन्याकडे, इराणचे ड्रोनही सैन्याकडे. रशियाचं वॅग्नर हे भाडोत्री सैन्यदल आधी आरएसएफशी सोन्यातून जोडलेलं, पुढे रशिया सैन्याशी बंदराची बोलणी करू लागला. बाजू बदलतात, म्हणून शेजारी तारीख घाला.

यानंतर देशाबाहेर काय जातं ते पाहा. सोनं जातं, त्यातलं बरंचसं दुबईकडे. आणि डिंक. मी धावड्याचा डिंक मूठभर नेऊन टेबलावर ठेवते. जगातला बहुतांश अरबी डिंक सुदानमधून येतो, तिथल्या कोर्दोफान भागातल्या बाभळीसारख्या झाडांचा, आणि तो थंड पेयांत असतो. बाटलीवर घटकांच्या यादीत ४१४ हा या डिंकाचा क्रमांक शोधायला सांगा. अमेरिकेनं १९९७ मध्ये सुदानवर निर्बंध घातले तेव्हाही डिंकाला वाट ठेवली होती.

व्हिडिओंबद्दल कडक राहा. एकदा खार्तुमचा म्हणून आलेला स्फोटाचा व्हिडिओ मीच गटावर टाकला. तो जुना आणि दुसऱ्याच देशातला निघाला. तोवर, मुलगा आखातात असलेल्या एका माउलीनं ते शहर त्याचंच समजून दोन दिवस अन्न सोडलं होतं. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून जागा, तारीख आणि मूळ टाकणारा या तिन्ही गोष्टी कळल्याशिवाय आमच्याकडे काहीही पुढे जात नाही. खात्रीच्या गोष्टी कमी नाहीत: २०२३ मध्ये भारत सरकारच्या ऑपरेशन कावेरी या मोहिमेत, मुख्यतः पोर्ट सुदानहून जेद्दाहमार्गे, ३,८०० हून अधिक भारतीय परत आले, त्यांत कर्नाटकातले जडीबुटीची औषधं विकणारे हक्की-पिक्की जमातीचे लोकही होते.

आकडे सांगताना सावकाश. सव्वा कोटीच्या आसपास माणसं घर सोडून निघाली. हा आकडा नुसता वाचला की हवेत विरतो. म्हणून मी दारफूरमधल्या अल फाशर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीबद्दल बोलते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला, एप्रिल २०२५ मध्ये आरएसएफनं छावणीच ताब्यात घेतली, आणि ऑक्टोबरमध्ये वेढ्यातलं फाशरही पडलं. एवढं सांगून थोडा वेळ गप्प बसते. पोरंही बसतात.

शेवटी प्रत्येकाकडून एक प्रश्न वहीत लिहून घ्या, पुढचा शनिवार तिथून सुरू करा. गेझिऱ्यातलं वाद मदनी नावाचं शहर डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ आरएसएफच्या ताब्यात होतं, हे ऐकून त्याच आजोबांनी विचारलं, ‘मंग त्या वर्षी पेरलं कोणं?’ आमच्या वहीत सध्या तो प्रश्न सगळ्यात वर आहे.