जेंटू इन्स्टॉल करताना बिल्ड फसतोय? या चुका टाळा

जेंटू या लिनक्समध्ये सॉफ्टवेअरची पॅकेजं सहसा सोर्स कोडमधून आपल्याच मशीनवर बांधावी लागतात, त्यालाच बिल्ड म्हणतात. पॅकेज फसलं की पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेज मॅनेजर, शेवटी ‘इमेक फेल्ड’ असं सांगतं, आणि बहुतेक जण तेवढीच ओळ घेऊन उत्तर शोधायला निघतात. त्या ओळीत कारण नसतंच. मेक (बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) एकाच वेळी अनेक कामं चालवतं. एक पडलं तरी बाकीची हातातलं संपेपर्यंत छापत राहतात, त्यामुळे खरी चूक कधीकधी शेकडो ओळी वर असते. /व्हार/टीएमपी/पोर्टेज खाली त्या पॅकेजच्या टेम्प फोल्डरमध्ये बिल्ड.लॉग असतो. तो उघडून ‘एरर’ हा शब्द कोलनसकट शोधा, आणि पहिला सापडेल तिथे थांबा. कोलन नसेल तर एरर नावाच्या फाइलीच जास्त सापडतात. तरीही हाती काही लागलं नाही, तर मेकऑप्ट्स -जे१ (एका वेळी एकच काम) ठेवून तेवढंच पॅकेज पुन्हा चालवा. मग चूक लॉगच्या तळाशीच येते.

नव्या माणसाचा बिल्ड बहुतेकदा मेमरीपायी मरतो. जेंटूच्या हँडबुकचा हिशोब आहे प्रत्येक जॉबमागे (समांतर चालणाऱ्या प्रत्येक कामामागे) किमान २ जीबी रॅम. म्हणजे १६ थ्रेड आणि ८ जीबीचा लॅपटॉप असेल तर -जे४, -जे१६ नव्हे. त्यात इमर्जला (पोर्टेजची पॅकेज बसवणारी कमांड) --जॉब्स=३ दिलं असेल तर गुणाकार होतो: तीन पॅकेजं, प्रत्येकी चार जॉब, बारा कंपायलर. लॉगमध्ये ‘किल्ड’ आणि सीसीवनप्लस (सी++ कंपायलर) शेजारी दिसले की डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवा. तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर कंपायलरला दोष देऊ नका. जॉब कमी करा, स्वॅप द्या, आणि जड पॅकेजांपुरतं -जे२ पॅकेज.एन्व्हमधून लावा (ही फाइल ठरावीक पॅकेजांना वेगळी सेटिंग देते). बिल्डची जागा टीएमपीएफएसवर (रॅममध्येच बनवलेल्या फाइल सिस्टिमवर) ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की त्याची मर्यादा आपोआप अर्ध्या रॅमइतकी असते आणि ती जागा कंपायलरच्याच ताटातून जाते.

‘इंटर्नल कंपायलर एरर’ आली तर तेच पॅकेज काही न बदलता पुन्हा चालवा. दर वेळी वेगळ्या फाइलवर पडत असेल तर रॅम खराब आहे किंवा प्रोसेसर तापतोय. मेमटेस्ट८६+ रात्रभर लावा. तिथल्या तिथे, त्याच ओळीवर पडत असेल तर कंपायलरला दिलेले फ्लॅग (पर्याय) तपासा. इथे स्पष्टच सांगायला हवं: -ओ३ आणि -एफफास्ट-मॅथ सगळ्या सिस्टिमला लावण्यात शहाणपणा नाही. -ओ२, -पाइप आणि -मार्च=नेटिव्ह पुरे.

कॉन्फिगरचे (बांधण्याआधी सिस्टिम तपासणाऱ्या स्क्रिप्टचे) दोन संदेश सारखे वाटतात, पण वेगळे आहेत. ‘कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ म्हणजे प्रोग्रॅम बनलाच नाही: फ्लॅगमध्ये अक्षर चुकलंय किंवा डिस्क भरलीय. डीएफ -एच सोबत डीएफ -आय बघा, कारण जागा असूनही आयनोड (फाइलींच्या नोंदी) संपतात. ‘कॅनॉट रन सी कंपाइल्ड प्रोग्रॅम्स’ म्हणजे बनला, पण चालेना: पार्टिशन नोएक्झेक (प्रोग्रॅम चालवायला मनाई) माउंट केलंय, किंवा दुसऱ्याच्या मेक.कॉन्फमधून (पोर्टेजच्या सेटिंग फाइलमधून) एएमडी झेन ३ प्रोसेसरचा -मार्च=झेडएनव्हर३ उचलून तो जुन्या इंटेलवर लावलाय. फसलेल्या पॅकेजचं वर्क फोल्डर मागे राहतं, त्यातल्या कॉन्फिग.लॉगमध्ये नेमकी कमांड आणि तिचं उत्तर दोन्ही मिळतात.

सीएचरूटच्या (नव्या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये शिरण्याच्या) आधी प्रॉक, सिस, डेव्ह आणि रन माउंट करायचे असतात, हे सगळे जाणतात. चकवा लागतो तो जेंटूचा नसलेला लाइव्ह यूएसबी वापरला तर: काही डिस्ट्रोंत /डेव्ह/एसएचएम ही /रन/एसएचएम कडे जाणारी लिंक असते आणि सीएचरूटमध्ये ती तुटते. लिंक काढून तिथे टीएमपीएफएस माउंट करा, परवानगी १७७७. घड्याळही तपासा, तारीख मागे असेल तर एसएसएल सर्टिफिकेट नाकारली जातात.

फ्रीटाइप आणि हार्फबझ या फॉन्टच्या लायब्ररी एकमेकांवर अडून बसल्या तर यूज फ्लॅगमध्ये (पॅकेजच्या सोयी चालू-बंद करणारे पर्याय) तात्पुरतं ‘-हार्फबझ’ देऊन इमर्ज -१ ने आधी फ्रीटाइप बांधा, मग नेहमीचं अपडेट चालवा.

आणि पहिल्याच दिवशी रस्ट, एलएलव्हीएमसारखी जड पॅकेजं बांधत बसायचा हट्ट कशाला? डिसेंबर २०२३ पासून जेंटूची स्वतःची बायनरी (आधीच बांधलेली) पॅकेजं आहेत, --गेटबिनपीकेजी द्या. यूज फ्लॅग जुळले नाहीत तर इमर्ज त्या पॅकेजपुरतं पुन्हा सोर्सकडे वळतं, म्हणून फ्लॅगची मोडतोड सिस्टिम बूट झाल्यावर करा.