चिंबोरी घेताना आधी उताणी करून बघा

आई अलिबागला मासळी विकायला बसायची. गिऱ्हाईकाने भाव विचारायच्या आत ती चिंबोरी, म्हणजे खेकडा, उताणी करून दाखवायची. आता मी घ्यायला जाते तेव्हा पहिलं तेच करते.

नांगे बांधलेले नसतील तर मागून, शेवटच्या पायांच्या मधे चिमटीत धरून उचला. पोटावर एक झाकण दिसेल. अरुंद आणि टोकदार असेल तर नर. रुंद, अर्धगोल, जवळजवळ सगळं पोट झाकणारं असेल तर वयात आलेली मादी. मादीचं झाकण त्रिकोणी आणि पोटाला घट्ट चिकटलेलं असेल, तर तिने अजून एकदाही अंडी दिलेली नाहीत. तिला घेऊ नका.

मग झाकणाच्या कडा बघा. नारिंगी-पिवळा गोळा बाहेर आलेला असेल तर ती ताजी अंडी. तपकिरी होत होत काळपट झाली की आतल्या पिल्लांना डोळे आलेत, फुटायला थोडेच दिवस उरलेत. एकदा संध्याकाळच्या घाईत मी अशीच एक घरी आणली. धुताना खसखशीहून बारीक काळे दाणे मोरीत वाहून गेले, उरलेले जाळीला चिकटून राहिले. मोठ्या मादीच्या पोटाला अशी दहा लाखांच्या वर अंडी असतात. माझा हातच थांबला. त्यानंतर अंडीवाली कधी घेतली नाही.

लाख असलेली चालेल का, असं हमखास विचारतात. लाख म्हणजे अजून आतच असलेली अंडी. कालवणाला तिची चव येते, खरंच येते. तरी मी नरच मागते. नांग्यांत मांस भरपूर असतं.

खाडीतली काळी चिंबोरी अंडी सोडायला खोल, खाऱ्या पाण्यात जाते, आणि कोळंबीसाठी तळावरून ओढलेल्या ट्रॉलच्या जाळ्यात नेमकी तीच सापडते. जाळं नर-मादी बघत नाही. अलास्काच्या ब्रिस्टल उपसागरात १९८० साली सुमारे १३ कोटी पौंड लाल किंग क्रॅब, म्हणजे तिथले मोठे खेकडे, पकडले, आणि १९८३ मध्ये तिथली मासेमारी बंद ठेवावी लागली. कारणं एकाहून जास्त होती. पण आजही तिथे मादी ठेवता येत नाही; नरही पाठ साडेसहा इंच रुंद असेल तरच ठेवतात, बाकीचे समुद्रात परत. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. उरलेल्या दहा महिन्यांत निवड करायची ती बोटीवर, नाहीतर टोपलीपाशी.

म्हणून नेहमीच्या मासळीवाल्या मावशीला आधीच सांगून ठेवा: "अंडीवाली मला नको, बोटीवाल्यांना सांगा, जिवंत असेल तर तिथेच पाण्यात सोडा." माझ्या मावशीने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. आता ती नर बाजूला काढून ठेवते.

शेवटी वजन बघा. हाताला जड लागली आणि पोट दाबून टणक असलं तर भरलेली. दबलं तर नुकती कात टाकलेली, आत नुसतं पाणी. मेलेली घेऊ नका. घरी नेताना ओल्या गोणपाटात गुंडाळा, नळाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, गोड्या पाण्यात ती मरते.