कॉम्प्युटर मधेच बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

घरातला कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला की पहिला सल्ला येतो "फॉरमॅट मार", आणि दुसरा "व्हायरस असेल". मी स्वतः एका पावसाळ्यात तीन वेळा विंडोज टाकली, तिन्ही वेळा ड्रायव्हर, प्रिंटर, मराठी फाँट सगळं परत बसवलं, आणि चार दिवसांनी पठ्ठ्या परत बंद. शेवटी दोष निघाला तो कॉम्प्युटरमधे नव्हताच. ते पुढे सांगतो, आधी कामाचं बघू.

सगळ्यात आधी फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, हिशोबाच्या फाइली, जे काय महत्त्वाचं असेल ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर नाहीतर पेन ड्राइव्हवर काढून घ्या, कारण बंद पडायचं कारण जर डिस्कच असेल तर तुम्ही शोधाशोध करेपर्यंत ती राम म्हणायची. आणि विंडोज ११ असेल तर अजून एक गोष्ट, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे जाऊन बघा आणि कागदावर लिहून ठेवा. बऱ्याच नव्या मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो, मग बायोसमधे (विंडोजच्या आधी चालणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) काहीतरी बदललं की स्क्रीनवर की मागते आणि घाम फुटतो.

आता नीट बघा की नक्की होतंय काय. "बंद पडतो" असं सगळेच म्हणतात पण त्यात तीन वेगळे प्रकार आहेत. एक, निळी स्क्रीन येते, काहीतरी इंग्रजी लिहून येतं आणि रिस्टार्ट होतो (नव्या विंडोज ११ मधे ती स्क्रीन आता काळी केलीय, पण प्रकार तोच). दोन, चित्र जागच्या जागी गोठतं, माउस हलत नाही, गाणं चालू असेल तर घर्रर्र असा एकच सूर अडकतो. तीन, काहीही न सांगता फटकन लाइट गेल्यासारखा बंद, किंवा बंद होऊन आपला आपण चालू. तिसरा प्रकार असेल तर नव्वद टक्के वेळ विंडोजच्या नादी लागू नका, हा माझा अनुभव, आकडा अंदाजपंचे आहे पण लक्षात ठेवा.

निळी स्क्रीन इतक्या झटकन जाते की वाचताच येत नाही, म्हणून ती थांबवायची. सर्चमधे इंग्रजीत "अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज" टाइप करा, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमधे जा आणि "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" वरची टिक काढा. पुढच्या वेळी स्क्रीन तशीच राहील, मोबाइलने फोटो काढा.

आणि एक वही करा. हसू नका. तारीख, वेळ, काय चालू होतं, घरात दुसरं काय चालू होतं. बस्स, चार रकाने. माझ्या घरी ही वही बायकोने सुरू केली, मी आपला इव्हेंट व्ह्यूअरमधे (विंडोजची घडामोडींची नोंदवही) डोकं घालून बसलेलो, आणि दहाव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, हा रोज सव्वासहाच्या आसपासच का बंद होतो?" सव्वासहाला आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप चालू होतो! पंप सुरू झाला की क्षणभर व्होल्टेज खाली जातं, दिवे किंचित मंद होतात, त्या क्षणी यूपीएस बॅटरीवर जातो, आणि आमच्या यूपीएसची बॅटरी मेलेली होती. म्हणजे जो डबा कॉम्प्युटरला वाचवायला आणला तोच त्याला मारत होता. हजार-बाराशेची बॅटरी, आणि मी तीन वेळा विंडोज टाकून बसलेलो.

तर विजेपासून सुरुवात करा. घरगुती यूपीएसमधे बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, आणि आपण पाच-सहा वर्षं तिच्याकडे बघतही नाही. तपासायला कॉम्प्युटर काढून यूपीएसला जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. एलईडी बल्ब नको, तो इतकं कमी खातो की मेलेली बॅटरीसुद्धा त्याला पेलते. पिवळा बल्ब काही सेकंदात गेला तर बॅटरी बदला. आणि लेझर प्रिंटर यूपीएसला लावला असेल तर आत्ता काढा, तो प्रिंट मारताना आतला रोलर तापवायला एकदम भरपूर करंट ओढतो, घरगुती यूपीएसला ते झेपत नाही. प्रिंट दिली की बंद पडतो अशी तक्रार असेल तर बाकी काही शोधूच नका. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा, तिथे स्वतः प्रयोग नको.

यूपीएस ठीक असेल तर पुढचा संशयित एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. लोकल कॅबिनेटबरोबर जो फुकट येतो ना, ज्यावर ४५० वॅट असं ठोकून लिहिलेलं असतं, त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. साधं काम करताना काही होत नाही, पण गेम सुरू केला किंवा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की बंद, म्हणजे लोड आला की पडतो, ही त्याची खूण. बायोसमधे हार्डवेअर मॉनिटर असतो तिथे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या मधे दिसली पाहिजे, पण बायोसमधे लोड नसतो त्यामुळे तिथे बरोबर दिसलं म्हणजे सुटला असं नाही. खरी परीक्षा एकच, मित्राचा चांगला एसएमपीएस दोन दिवस उसना लावून बघा. आणि एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमधे चार्ज राहतो, झटका जीवघेणा असू शकतो.

इथे एक गैरसमज. इव्हेंट व्ह्यूअर उघडला की लाल खुणेसकट कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१ दिसतं, आणि यूट्यूब बघून लोक पळत जाऊन नवा एसएमपीएस आणतात. अरे बाबा, ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. का झालं नव्हतं ते त्यात नाही. तुम्ही बटण दाबून धरून बंद केलं तरी ४१ च येतो. त्याच इव्हेंटच्या डिटेल्समधे बगचेककोड नावाची ओळ असते ती बघा. तिथे ० असेल तर विंडोजला काही लिहायची संधीच मिळाली नाही, म्हणजे वीज, उष्णता किंवा सगळं गोठलं आणि तुम्हीच बंद केलं यातलं काहीतरी. दुसरा आकडा असेल तर तो साध्या दशमानात असतो आणि निळ्या स्क्रीनवरचा कोड हेक्समधे (दहाऐवजी सोळावर आधारलेली मोजणी), म्हणून दोन्ही जुळत नाहीत असं वाटतं. २९२ म्हणजे हेक्समधे १२४, हार्डवेअरची तक्रार. २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट, तिथे आधी रॅमवर संशय घ्यायचा. इव्हेंट व्ह्यूअर किचकट वाटत असेल तर सर्चमधे "रिलायबिलिटी" टाइप करा, रिलायबिलिटी हिस्टरी येते, दिवसवार लाल फुल्या, कुठल्या तारखेपासून सुरू झालं आणि त्याच्या आदल्या दिवशी काय इन्स्टॉल केलं होतं ते एका नजरेत कळतं. मला विंडोजमधली ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट वाटते.

उष्णतेचं बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. नुसतं बसल्यावर चाळीस-पन्नास डिग्री आणि कामाला लावल्यावर सत्तर-ऐंशी हे चालतं, पण प्रोसेसर ९५-१०० ला जाऊन टेकत असेल तर तो आधी स्वतःला हळू करतो आणि तरी नाही भागलं तर मशीन बंद करतो. आपल्याकडे कॉम्प्युटर टेबलाच्या त्या लाकडी कप्प्यात कॅबिनेट कोंबायची पद्धत आहे, मागून हवा जायला जागाच नाही, मे महिन्यात विदर्भात तर ती भट्टीच. कप्प्यातून बाहेर काढून दोन दिवस वापरून बघा, फुकटातली टेस्ट आहे. मग प्लग काढून, कॅबिनेट गच्चीत नेऊन ब्लोअर मारा, मात्र मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. आत झुरळं, कोळ्याची जाळी, एकदा मला पालीची अंडी मिळालीयत, तयारी ठेवा. इंटेलच्या बॉक्समधला जो जुन्या पद्धतीचा गोल कूलर असतो त्याच्या चार पांढऱ्या-काळ्या पिना हलवून बघा, चारातली एक उचकटलेली असते आणि कूलर एका बाजूने तरंगत असतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिला हात तिथेच जातो. कूलर काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) पुसून नवी लावा, वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरते, लोणी फासल्यासारखी नको.

रॅम. निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळाच कोड येत असेल, आज हा उद्या तो, क्रोम आपोआप बंद पडतंय, झिप फाइल उघडताना करप्ट म्हणतंय, तर बहुधा रॅम. आधी गावठी उपाय, रॅम काढा, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका, परत टक आवाज येईपर्यंत बसवा. कोकणात, मुंबईत दमट हवेने पट्टीवर थर बसतो आणि निम्म्या केसेस इथेच मिटतात. नाही मिटली तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून झोपा. विंडोजमधली मेमरी टेस्टही आहे पण ती वरवर बघते. सकाळी एक जरी लाल एरर दिसली तरी रॅम नापास, "एकच तर आहे" असं चालत नाही. दोन रॅम असतील तर एकेक लावून टेस्ट करा, आणि बायोसमधे एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू असेल तर आधी बंद करून बघा, कधीकधी रॅम चांगलीच असते, फक्त तिला जास्त पळवलेलं असतं.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर. निळं "गुड" असेल तर ठीक, पिवळं "कॉशन" असेल तर यादीत सी५ म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागा) बघा, तिथला आकडा वाढत असेल तर बॅकअप घेतलाय ना हे परत एकदा तपासा आणि नवी डिस्क आणा. सी७ म्हणजे सीआरसी एरर वाढत असेल तर मात्र डिस्क फेकू नका, बहुतेक वेळा साटाची केबल खराब असते, शंभर-दीडशे रुपयांत काम होतं.

एवढं सगळं करूनही हार्डवेअर की सॉफ्टवेअर हे ठरत नसेल तर उबंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा, "ट्राय" निवडा, इन्स्टॉल चुकूनही दाबू नका, आणि दिवसभर त्यात यूट्यूब वगैरे बघा. तिथेही बंद पडला तर विंडोज निर्दोष, फॉरमॅट मारून काही मिळणार नाही. तिथे ठणठणीत चालला तरच विंडोज आणि ड्रायव्हरच्या मागे लागा. तिथे पहिला नंबर ग्राफिक्स ड्रायव्हरचा, डीडीयू नावाच्या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरने सेफ मोडमधे जुना साफ काढून नवा टाका, आणि नव्यावरच त्रास सुरू झाला असेल तर एक आवृत्ती मागे जा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. सुरक्षेचं सॉफ्टवेअरसुद्धा मशीन पाडू शकतं हे १९ जुलै २०२४ ला अख्ख्या जगाने बघितलं, एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या, विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची वेळ आली.

एक खास केस, इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर, आय९, आय७ वगैरे. यात जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू खराब व्हायचा दोष निघाला होता, गेम सुरू करताना "व्हिडिओ मेमरी संपली" अशी खोटी एरर यायची आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलायचे. २०२४ च्या ऑगस्टपासून कंपनीने दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) काढले, ते मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून मिळतात, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे यातला असेल तर बायोस आधी अपडेट करा, पण खराब झालेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यायचा.

आणि काहीही करा, एका वेळी एकच बदल करा, मग दोन-तीन दिवस वापरा, वहीत लिहा. रॅम पुसली, ड्रायव्हर बदलला, पेस्ट लावली सगळं एकाच रविवारी केलं आणि बरा झाला तर कशाने ते कळत नाही, आणि महिन्याने परत पडला की पहिल्यापासून सुरुवात.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर वही आणि निळ्या स्क्रीनचे फोटो बरोबर न्या, "कधीपण बंद होतो" एवढंच सांगितलं तर तिथेही फॉरमॅटच मारणार. डेटाची डिस्क वेगळी असेल तर काढून घरी ठेवा. काउंटरवर देतानाच रॅमचा आणि एसएमपीएसचा स्टिकर दिसेल असा फोटो काढा, आणि पार्ट बदलला तर जुना परत मागा, खराब असला तरी.