अमेरिकी हायस्कूलचं उद्दिष्ट हुकलं तर: आधी टक्क्यांमागची नावं काढा

राज्याच्या अहवालात उद्दिष्ट हुकल्याचं दिसलं की पहिल्याच बैठकीत जादा तास आणि नवं सॉफ्टवेअर निघतं. थांबा. आधी आकडे तपासा. आकड्यांवर हरकत नोंदवायची मुदत राज्यागणिक वेगळी असते, ती त्याच दिवशी विचारून घ्या.

सर्वांत जास्त चुका चार वर्षांत डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) मिळवणाऱ्यांच्या दरात सापडतात. नववीत, म्हणजे चार वर्षांच्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षी, पहिल्यांदा आलेल्या मुलांची तुकडी धरून तो काढतात. शाळा सोडून गेलेलं मूल तुकडीतून वगळायला दुसरीकडे दाखल झाल्याचा लेखी पुरावा लागतो. ‘टेक्सासला गेलो’ असं आईने फोनवर सांगितलं, एवढ्याने भागत नाही. कागद नसेल तर ते मूल तुकडीतच राहतं आणि दर खाली ओढतं. शाळा सोडून जीईडी या समकक्षता परीक्षेकडे वळलेलंही तुकडीतच, कारण तो नियमित डिप्लोमा नव्हे. म्हणून प्रत्येक गेलेल्या मुलासाठी एक ओळ लिहा: शेवटचा दिवस, कुठे गेलं, कागद आहे का. हे कंटाळवाणं काम समुपदेशकाच्या गळ्यात घालू नका, शाळेच्या नोंदी सांभाळणाऱ्यालाच द्या. २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यानुसार एक तृतीयांश किंवा जास्त मुलं डिप्लोमाविना राहिली की हायस्कूल सर्वंकष सुधारणेच्या यादीत, म्हणजे सुधारणेचा आराखडा करावाच लागणाऱ्या शाळांत, जातं.

मग राज्याच्या परीक्षेची हजेरी पाहा. १०० पैकी ८० जण बसले आणि ४० प्रवीण (राज्याने ठरवलेल्या पातळीला पोचलेले) ठरले, तर निकाल ५०% धरत नाहीत. भाजक किमान ९५ (पटाच्या ९५%) धरतात, म्हणजे ४२%. इंग्रजी शिकणारे, अपंग, अल्प उत्पन्न गटातले अशा प्रत्येक गटालाही हेच लागू. ४० जणांच्या गटात तिघं गैरहजर राहिले की किमान ९५% जणांनी परीक्षेला बसण्याची अट मोडली. फेरपरीक्षेचा दिवस आधीच ठरवून ठेवा.

आकडे खरे निघाले तर नववीकडे वळा. शिकागोतल्या शाळांचा निकष वापरण्याजोगा आहे: वर्षाअखेर पुरेसे क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे गुणांक), आणि मुख्य विषयांत एकाहून जास्त सत्र-नापासी नाही. जोडीला गैरहजेरी. १८० दिवसांत १८ दिवस म्हणजे १०%, तिथून गैरहजेरी दीर्घकालीन धरतात. पण १८ व्या दिवसाची वाट पाहू नका, महिन्यात दोन दिवस बुडाले की घरी फोन करा. यादी दर दोन आठवड्यांनी काढा आणि प्रत्येक नावापुढे एका शिक्षकाचं नाव लिहा. ‘आम्ही सगळे लक्ष ठेवू’ म्हणजे कुणीच ठेवत नाही.

सर्वंकष सुधारणेच्या आराखड्यात गरजांची पाहणी, पुराव्यावर आधारलेले उपाय आणि साधनांच्या वाटपातली विषमता हे तिन्ही लागतं. तिसरा मुद्दा बहुतेक शाळा एका वाक्यात उरकतात. खरं तर बीजगणित-१ चा सर्वांत नवखा शिक्षक कोणत्या वर्गाला दिलाय, हे वेळापत्रकातच दिसतं. उपाय दोनच घ्या. आणि प्रवीणतेच्या रेषेखाली दोन-चार गुणांनी अडकलेल्यांवरच सगळा जोर लावू नका: यंदा आकडा सुधारेल, पण तळातली नववी पुढच्या वर्षी दहावीत तशीच येईल.