आधी उपचार, मग कागद: आरोग्य कर्मचाऱ्यांनो, कायद्याच्या बाबतीत या चुका टाळा

ऑगस्टात कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्या यवतमाळकडच्या आरोग्य केंद्रांपुढे रात्रीबेरात्री मोटारसायकली येऊन थांबतात. मधे बसवलेला माणूस, मागून त्याला कवेत धरलेला भाऊ, कपड्यांना औषधाचा उग्र वास. मी आरोग्यसेविका असताना अशाच एका रात्री आमच्यातल्या कुणीतरी दारातच विचारलं, "पोलिसात सांगितलं का?" भाऊ म्हणाला, "आमाले पोलिसाचं लफडं नाई पायजे, मॅडम," आणि गाडी वळवायला लागला. आम्ही धावत जाऊन त्याला थांबवलं. गाडी निघून गेली असती तर काय झालं असतं, हे आठवून आजही पोटात गोळा येतो.

तो प्रश्न दारात विचारायचाच नसतो. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवावं लागणारं प्रकरण) नोंद आणि पोलिसांना कळवणं हे काम दवाखान्याचं, नातेवाइकांचं नाही. आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा लागेल अशी घरच्यांना जी भीती असते, ती तिथल्या तिथे काढा. जुन्या दंड संहितेतलं आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम ३०९, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ तर असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालतं. एमएलसी मात्र तरीही होते, हेही त्यांना सांगा. लपवून ठेवलं की नंतर विश्वास जातो.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती एका शब्दात होते. रजिस्टरात सरळ "विष प्राशन" लिहून मोकळं होणं. आपल्याकडे औषध पिणारा येतो, तसाच दिवसभर उघड्या अंगाने पंप मारून वाऱ्याने अंगावर आलेलं औषध भिनलेलाही येतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. शेतकरी फवारताना दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून घरच्यांना २ लाख रुपये मिळू शकतात. आत्महत्या ठरली तर नाही. म्हणून निष्कर्ष लिहू नका, ऐकलं आणि पाहिलं ते लिहा: "सोबत आलेल्या भावाच्या सांगण्यानुसार सकाळपासून फवारणी करत होता, दुपारी उलट्या सुरू झाल्या." आणल्याची वेळ, कोणी आणलं, डबा सोबत होता का, लेबलवर काय होतं, हेही. डबा फेकू देऊ नका. डॉक्टरांना उपचारासाठी तो लागतो, पुढे तपासातही लागतो.

आता अल्पवयीन गरोदर मुलींचं. मेळघाट असो, गडचिरोली असो की आपलं गाव, सतरा वर्षांची मुलगी आली की माता-बाल संरक्षण कार्डावर "१९" लिहिण्याचा मोह होतो. आशाताईंना त्याच गावात राहायचं असतं, ती अडचण खरी आहे. पण अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असेल किंवा नुसती शंका असेल तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लग्न झालंय म्हणून सूट नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे, हे आशाताईंना कुणी सांगतच नाही. नुसतं वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घालून थांबू नका. त्यांनी पुढे कळवल्याची नोंद बघून घ्या.

याची दुसरी बाजूही तेवढीच घातक. पोलिसांच्या धाकाने मुलीला परत पाठवलं की ती घरीच बाळंत होते. तपासणी, लोहाच्या गोळ्या, संदर्भसेवा (मोठ्या दवाखान्यात पाठवणं) काहीच थांबवायचं नाही. गर्भपात हवा असेल तर अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांना पोलिसांकडच्या माहितीत तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटलं आहे.

अठरा पूर्ण झालेल्या बाईला मात्र गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही. तिची एकटीची पुरे. "मालकाला घेऊन या" म्हणून किती बायांचे आठवडे वाया गेले! वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत चालतं, पुढे चोवीसपर्यंत ठरावीक स्त्रियांसाठी दोघांचं लागतं. त्यामुळे परत पाठवलेला प्रत्येक आठवडा तिला महाग पडतो.

रजिस्टरात चूक झालीच तर व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका. एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला बरोबर नोंद, सही, तारीख आणि वेळ.