मिआटाचं ऑइल, कूलंट घरी बदलताय? या चुका टाळा

माझ्याकडे १९९४ची माझदा एमएक्स-५ ही छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. इथे न्यू जर्सीत तिला सगळे मिआटाच म्हणतात. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि वर उघडणाऱ्या दिव्यांची तिची पहिली पिढी १९९७पर्यंत बनत राहिली. ओळखीतल्या दोघांनी नुकतीच अशीच जुनी गाडी घेतली आणि मी सुरुवातीला केलेल्या चुका दोघांनीही जशाच्या तशा केल्या. म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे छोटं इंजिन आहे. पोटात जेमतेम चार लिटरपर्यंत ऑइल, आणि मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास फिरवायची मुभा. मोठ्या गाडीत अर्धा लिटर कमी असलं तरी चालून जातं. इथे तो अर्धा लिटर जाणवतो.

डिपस्टिक चुकीची वाचणं

इकडच्या घरांचे ड्राइव्हवे बहुतेक उताराचे. तिथे उभ्या गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढली की ती खोटं सांगते. गाडी सपाट जागी आणा, इंजिन गरम करा, बंद करा, पाच मिनिटं थांबा. ऑइल वरून इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरू द्या. मग डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि वाचा. एकदा वाचून खात्री झाली नाही तर दोनदा वाचा.

पातळी वरच्या खुणेला ठेवा. लांब वळण जोरात घेतलं की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं. पातळी कमी असेल तर त्या क्षणी पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी फिरतात. पण खुणेच्या वर जाऊ नका. जास्त ऑइल फिरत्या क्रँकला (इंजिनच्या मुख्य दांड्याला) लागतं, त्याचा फेस होतो आणि फेसाने बेअरिंगला आधार मिळत नाही.

मीटरवरही पूर्ण विसंबू नका. १९९४पर्यंतच्या गाड्यांत ऑइल प्रेशरचा काटा खरा आहे. १९९५पासून तो नुसता चालू-बंद स्विचवर चालतो, म्हणजे प्रेशर थोडंबहुत असलं तरी काटा मध्यावर जाऊन बसतो. अशा गाडीत डिपस्टिक हाच भरवशाचा मार्ग.

सकाळी सुरू केल्यावर वरून टकटक ऐकू आली तर घाबरून इंजिन उघडू नका. या पिढीत हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, म्हणजे ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे भाग. जुनं, मळलेलं किंवा कमी झालेलं ऑइल असलं की ते वाजतात. आधी पातळी बघा, मग ऑइल बदला. पुष्कळदा आवाज तेवढ्यानेच जातो.

फिल्टर आणि ड्रेन बोल्ट

ऑइल फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, उजव्या बाजूला अगदी अडचणीत बसवलाय. वरून हात घातला तर कोपरापर्यंत सोलून निघतो. पुढचं उजवं चाक काढून तिकडून गेलं की काम सोपं होतं. खाली जुनं फडकं पसरा, कारण फिल्टर सुटताच त्यातलं ऑइल मनगटावरून ओघळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुना फिल्टर हातात आल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली आहे का, ते बघा. ती कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नव्या फिल्टरची रिंग बसली की दोन रिंगा धरत नाहीत, आणि इंजिन सुरू होताच काही सेकंदांत निम्मं ऑइल जमिनीवर येतं. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, रिंग टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा द्या. फिल्टर बसवताना पाना हातात घेऊ नका.

ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचंही तसंच. वॉशर नवा घाला आणि बोल्ट ३० ते ४१ न्यूटन मीटरवर आवळा. जोर लावून आवळणाऱ्यांनीच या बोल्टचे आटे घालवलेत.

गिअरबॉक्स: आधी वरचा बोल्ट

ही माझी स्वतःची चूक, आणि ती मला महागात पडली. गिअरबॉक्सचा खालचा ड्रेन बोल्ट सहज सुटला, दोन लिटर तेल वाहून गेलं. मग बाजूचा भरायचा बोल्ट उघडायला गेलो तर तो हलेना. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि गंजाने तो बोल्ट जागीच धरला होता. गाडी चार दिवस स्टँडवर उभी राहिली. रोज थोडं गंज सोडवायचं तेल, हीट गन, लांब दांड्याचा पाना. पाचव्या दिवशी तो सुटला. सुटला नसता तर बिनतेलाच्या गिअरबॉक्सची गाडी टो करून न्यावी लागली असती.

म्हणून गिअरबॉक्स असो की डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअर, थोडक्यात डिफ), भरायचा बोल्ट आधी सोडवून बघा. तो सुटला तरच खालचा उघडा.

भरताना गाडी चारही स्टँडवर सपाट हवी. नुसती पुढची बाजू उचलली तर पातळी चुकते. भोकातून तेल बारीक धारेने बाहेर यायला लागलं की थांबा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी लगदा दिसला तर काळजी नको, ती रोजची झीज आहे. लोखंडाचे तुकडे दिसले तर मात्र गाडी जाणत्या माणसाला दाखवा.

तेलाच्या डब्यावर जीएल-४ लिहिलंय की जीएल-५ (हे गिअर ऑइलचे दर्जे), हे वाचून घ्या. डिफला जीएल-५च हवं. गिअरबॉक्सला मी ७५डब्ल्यू-९० जाडीचं जीएल-४ घालतो, कारण थंडीत दुसरा गिअर अडखळणं त्याने कमी झालं. जड तेलाने ते वाढतं.

कूलंटमधली हवा

इंजिनचा ब्लॉक (खालचा भाग) लोखंडाचा, हेड (वरचा भाग) ॲल्युमिनियमचं. इंजिन एकदा प्रमाणाबाहेर तापलं की हेड वाकतं. शिवाय हे इंजिन मुळात माझदाच्याच ३२३सारख्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आडवं बसत असे. इथे ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवताना थर्मोस्टॅट (तापल्यावर पाणी सोडणारी झडप) पुढे आला, त्यामुळे मागच्या सिलिंडरपाशी पाणी कमी खेळतं. यात हवेचा बुडबुडा अडकला तर मागचा भाग आणखी तापतो. तापमानाचा काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच थांबतो, त्यामुळे ते लवकर कळतही नाही.

कूलंट भरताना गाडीचं नाक थोडं उंच ठेवा. हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं, आणि इंजिन थंड असतानाच सुरू करा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. बुडबुडे येत राहतात, पातळी खाली जाते, तसतसं भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. गरम इंजिनवर झाकण उघडू नका, उकळतं पाणी चेहऱ्यावर उडतं. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, इथल्या थंडीला पुरेसं आहे.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर कूलंटसोबत रेडिएटरही बदला. ती टाकी तडकायच्या बेतात असते.

गळती भलतीकडेच शोधणं

इंजिनच्या मागून गिअरबॉक्सवर ऑइल ठिबकताना दिसलं की लोक क्रँकचं मागचं सील गेलं म्हणतात आणि गिअरबॉक्स उतरवायच्या खर्चात पडतात. आधी हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर (कॅमच्या दांड्याची स्थिती सांगणारा सेन्सर) बघा. त्याची छोटी रबरी रिंग कडक होते आणि तिथून ऑइल झिरपतं. रिंग स्वस्त आहे, काम तासाभराचं. वेळेवर केलं नाही तर तेच ऑइल जवळच्या हीटरच्या नळ्या खातं.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तरी हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट गेलं असं लगेच धरू नका. थंडीत जवळच्या जवळ गाडी फिरवली की आत बाष्प जमतं. अर्धा तास सलग चालवून पुन्हा बघा. कूलंटची पातळीही उतरत असेल, तर मात्र गॅस्केट तपासा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५वर येते. दर दोन वर्षांनी बदला. पातळी थोडी उतरली की वरून भरून मोकळे होऊ नका, आधी पॅड किती झिजलेत ते बघा. क्लचच्या ऑइलची डबी वेगळी आहे. ती रिकामी होत असेल तर बहुधा खालचा स्लेव्ह सिलिंडर (क्लच ढकलणारा छोटा सिलिंडर) गळतोय.

काम झाल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो बघा. कुठे थेंब पडलाय त्यावरून कुठला बोल्ट पुन्हा तपासायचा ते कळतं. जुनं ऑइल बंद कॅनमध्ये भरून पार्टच्या दुकानात द्या, इथली बरीच मोठी दुकानं ते फुकट घेतात. त्यात कूलंट मिसळलं असेल तर मात्र घेत नाहीत, म्हणून दोन्हीसाठी खाली धरायची भांडी वेगळी ठेवा.