दोन शेडमध्ये अडकलात? आधी शीटवर लावून बघा

शेडकार्डावरचा टिचभर चौकोन बघून रंग फायनल करू नका प्लीज. तोच रंग चारही भिंतींवर गेला की भिंतींचा उजेड एकमेकींवर पडतो आणि रंग कार्डापेक्षा जास्त गडद, जास्त भडक वाटायला लागतो.

दोन्ही शेडचे छोटे सॅम्पल डबे आणा आणि जाड पांढऱ्या कार्डशीटवर, जमलं तर २ फूट बाय २ फूट, प्रत्येकी दोन हात मारा, कडेनं थोडी पांढरी पट्टी सोडा. भिंतीवरच पॅच मारला तर भोवतीचा जुना रंग डोळ्यांना फसवतो आणि शीट कशी, उचलून कुठेही नेता येते. पूर्ण वाळू द्या, ओला रंग वेगळा दिसतो. फिनिशही शेवटी लावणार तेच घ्या, मॅट आणि ग्लॉसमध्ये एकच शेड सारखी दिसत नाही.

आता खरा मुद्दा म्हणजे झाक. दोन ग्रे नुसते बघितले तर सारखेच वाटतात, पण कोऱ्या पांढऱ्या कागदाला लावून धरले की एक निळसर आणि दुसरा हिरवट निघतो, आणि पुढे वर्षानुवर्षं खटकते ती हीच झाक. एवढ्यापुरतं दोन्ही शेजारी ठेवा. निवडताना मात्र एक शीट आत ठेवून द्या, कारण गडद रंगाशेजारी फिका रंग आहे त्याहून फिका दिसतो आणि खोलीत काही दोन्ही लागणार नाहीयेत.

शीट जमिनीवर आडवी ठेवून बघू नका, भिंतीला उभी लावा. खिडकीसमोर, कोपऱ्यात आणि खिडकी ज्या भिंतीत आहे तिथेही, तिच्यावर थेट उजेड पडत नाही म्हणून रंग तिथे सगळ्यात काळपट दिसतो. सकाळी, दुपारी, रात्री बघा. २७०० केल्विनचा बल्ब पिवळा उजेड देतो, ६५०० चा निळसर पांढरा, त्यामुळे दिवसा जुळे वाटणारे रंग रात्री पार वेगळे होऊ शकतात. बल्ब बदलायचे असतील तर ते आधी बदला आणि खोलीत तुम्ही जास्त वेळ रात्रीच असाल तर रात्रीचाच निकाल धरा, दुपारी कितीही छान दिसू दे.

कॅटलॉगमध्ये एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, दिलेला असेल तर तोही बघा, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. खोली अंधारी असेल तर जास्त आकड्याची शेड घ्या, फरक दोन-तीनचाच असेल तर आकडा सोडा आणि फरशी-पडद्यांशी कुठली झाक जुळते त्यावर ठरवा.